ओठ हेच ट्रम्पेटवाल्याचे भांडवल
दाबाने नव्हे, दमाने वाजवा : बँड व्यावसायिकांसाठी उपयुक्त माहिती

लगीनसराईच्या कमाईवर वर्ष काढणारी बँडवाल्यांची कुटुंबे महाराष्ट्रातील लहानमोठ्या प्रत्येक शहरात आढळतात. आपल्या समाजातीलही अनेक घराणी पिढ्यान्‌पिढ्या हा धंदा करीत आली आहेत. या धंद्यात ढोलाचे कातडे फाटले तर नवे चढवता येते, क्लॅरिनेटची पत्ती तुटली तर दुसरी बसवता येते, पिस्टन अडकला तर तेल घालता येते. परंतु ट्रम्पेटवाल्याचा ओठ एकदा कामातून गेला, तर तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. असे असूनही साऱ्या सामानात सर्वात कमी निगा ओठाचीच राखली जाते.

वैशाखातला एखादा मोठा मुहूर्त डोळ्यांसमोर आणावा. सकाळी एक वरात, दुपारी दुसरी, रात्री तिसरी. पहिल्या वरातीत खणखणीत निघणारा सूर तिसऱ्या वरातीत फाटू लागतो. वरचे सूर लागत नाहीत, मध्येच नुसती हवा निघते, तोंडाभोवती लाल वळ उमटतो. मग वाजवणारा बाजा आणखी जोराने ओठांवर दाबतो. सूर क्षणभर लागतो आणि पुन्हा जातो. पाच-सात हंगाम असे काढले की माणूस म्हणतो, "आता वय झाले, ओठ राहिला नाही." मालक त्याला झांजेवर किंवा ढोलावर बसवतो आणि त्याची बिदागी निम्म्यावर येते.

बहुतेक वेळा यात दोष वयाचा नसतो, पद्धतीचा असतो. जगातील मोठमोठ्या वाद्यवृंदांत साठी ओलांडलेले ट्रम्पेटवादक पहिल्या खुर्चीवर बसलेले आहेत. अमेरिकेतील शिकागो सिंफनी वाद्यवृंदात अॅडॉल्फ हर्सेथ हे १९४८ पासून २००१ पर्यंत मुख्य ट्रम्पेटवादक होते. म्हणजे ५० वर्षांहून अधिक काळ त्यांनी एकाच जागेवर काम केले. ओठ नीट वापरला तर किती टिकतो, याचा हा पुरावा समजावा.

सूर कुठे तयार होतो?

पितळेच्या नळीत सूर नसतो. सूर ओठांत असतो आणि नळी तो मोठा व गोड करते. आपण फुंकतो तेव्हा हवेच्या झोताने मिटलेले ओठ उघडतात आणि लगेच मिटतात. ही उघडमीट फार वेगाने होते. नेहमीच्या बी-फ्लॅट ट्रम्पेटवर एकही पिस्टन न दाबता खालचा सा वाजवला, तर ओठ एका सेकंदात सुमारे २३३ वेळा थरथरतात. त्याच्या वरच्या सप्तकातील सा वाजवला तर ४६६ वेळा, आणि त्याहून वरचा सा वाजवला तर ९३२ वेळा.

ट्रम्पेटला पिस्टन तीनच असतात. पहिला दाबला की सूर एक पूर्ण स्वर उतरतो, दुसऱ्याने अर्धा स्वर आणि तिसऱ्याने दीड स्वर उतरतो. तिन्हींच्या मिळून नळीच्या सात वेगवेगळ्या लांब्या होतात. बाकीचे सारे सूर ओठ आणि हवा यांनी काढायचे असतात. पिस्टनला हात न लावता सा, प, वरचा सा, ग, प आणि त्यावरचा सा असे सूर निघतात, हे प्रत्येक जुन्या वाजवणाऱ्याला ठाऊक आहे. पेटीवर बोट ठेवले की सूर ठरलेला असतो. ट्रम्पेटवर मात्र त्याच बोटांत पाच-सहा सूर दडलेले असतात आणि त्यांतला कोणता बाहेर यावा, हे ओठ ठरवतात.

यातून एक गोष्ट सरळ निघते. ओठ थरथरायला मोकळा हवा. तो चिमटला गेला, सुजला किंवा दातांवर दाबला गेला, तर थरथर अडते. सूर बारीक व कर्कश होतो किंवा बंद पडतो.

ओठांची बैठक

ट्रम्पेटवर ओठ आणि चेहऱ्याचे स्नायू ज्या रीतीने बसवले जातात, त्याला पाश्चात्त्य संगीतात एम्बुशर असा फ्रेंच शब्द आहे. आपण त्याला ओठांची बैठक म्हणू. ही बैठक पुढीलप्रमाणे असावी.

'म' म्हणताना ओठ जसे सहज मिटतात, तसे मिटावे. दोन्ही कोपरे घट्ट करावे, मात्र हसताना होतात तसे मागे ताणू नयेत. ताणलेला ओठ पातळ होतो आणि पातळ ओठ लवकर थकतो. हनुवटी सपाट ठेवावी, तिच्यावर सुरकुत्यांचा गोळा होऊ देऊ नये. ओठांचा मधला भाग मऊ ठेवावा. कोपरे पक्के आणि मध्य मोकळा, एवढे लक्षात ठेवले तरी अर्धे काम झाले. तंबूचे खुंट पक्के असले की मधले कापड वाऱ्यावर खेळू शकते, तशीच ही रचना आहे.

वरचे व खालचे दात एकमेकांवर चावून ठेवू नयेत. दोहोंत करंगळीचे टोक जाईल एवढी फट ठेवावी, म्हणजे हवेला वाट राहते.

गाल फुगवून वाजवण्याची सवय आपल्याकडील बँडमध्ये फार दिसते. लोकांना ते जोरकस वाटते. पण गाल फुगले की कोपरे सैल पडतात आणि त्यांचे काम दाबावर येते. यावर कोणी अमेरिकेच्या डिझी गिलेस्पी यांचे उदाहरण देईल. ते बेडकासारखे गाल फुगवून वाजवीत आणि जगप्रसिद्ध झाले, हे खरे आहे. परंतु ट्रम्पेटच्या शिक्षकांनी ती रीत शागिर्दांना शिकवली नाही. एखादा माणूस दोरीवरून चालतो, म्हणून साऱ्या गावाने रस्ता सोडावा असे होत नाही.

माउथपीस ओठांवर कुठे ठेवावा, याबद्दल उस्तादांत मतभेद आहेत. फ्रान्समधील कॉर्नेटवादक ज्याँ-बाप्तिस्त आर्बान यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेली शिक्षणपद्धती आजही जगभर शिकवली जाते. त्यांनी दोन भाग खालच्या ओठावर व एक भाग वरच्या ओठावर ठेवण्यास सांगितले. आज अनेक शिक्षक अर्धाअर्धा ठेवायला सांगतात. फिलिप फार्कस हे फ्रेंच हॉर्नचे नामवंत वादक. हवा सरळ रेषेत जावी, असे त्यांनी १९६२ च्या आपल्या ग्रंथात मांडले होते. पुढे त्यांनी ४० उत्तम हॉर्नवादकांच्या ओठांची छायाचित्रे काढून १९७० मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जवळजवळ सर्वांची हवा खालच्या दिशेने जात असल्याचे दिसले. दात, जबडा आणि ओठांची जाडी प्रत्येकाची निराळी असते. त्यामुळे मास्तराने आपली बैठक शागिर्दावर जशीच्या तशी लादू नये. आडव्या रेषेत माउथपीस शक्यतो मध्यावर असावा आणि त्याची कड ओठाच्या लाल भागात रुतू नये, एवढे पाहावे. बाकी ज्या जागी सूर सहज आणि भरदार लागतो, ती त्या मुलाची जागा.

दाब : घरातला चोर

माउथपीस ओठांवर टेकवल्याशिवाय हवा बाहेर निसटते, म्हणून थोडा दाब लागतोच. प्रश्न किती, हा आहे. वरचा सूर काढायचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे बाजा ओठांवर आवळणे. सूर निघतोही. पण त्या वेळी पुढचे दात आणि पितळेची कड यांच्या मध्ये ओठ सापडतो. रक्ताचा पुरवठा कमी होतो, ओठ बधिर होतो, मग सुजतो. सुजलेला ओठ थरथरत नाही, म्हणून आणखी दाबावे लागते. उधारीच्या धंद्यासारखे हे चक्र आहे. आजची अडचण भागते आणि उद्याची मोठी होते.

याची मोठी किंमत मोजलेले नाव म्हणजे लुई आर्मस्ट्राँग. न्यू ऑर्लिन्समध्ये १९०१ साली जन्मलेल्या या कलावंताने जॅझ संगीताला जगभर नेले. पण उंच सुरांच्या हव्यासात त्यांचा ओठ वारंवार फाटत असे आणि १९३० च्या दशकात त्यांना काही महिने बाजा खाली ठेवावा लागला. त्यांचे टोपणनाव सॅचमो होते. तोंडाभोवती कड्यासारखा जो स्नायू असतो, तो ट्रम्पेटवादकांत कधीकधी आतून फाटतो. १९८२ मध्ये एका प्लास्टिक सर्जनने या दुखण्याचे वर्णन केले आणि त्याला 'सॅचमो सिंड्रोम' हे नाव दिले. शस्त्रक्रियेने तो स्नायू सांधता येतो. पण रोजंदारीवर वाजवणाऱ्या माणसाने एवढा खर्च व एवढी सक्तीची सुटी कोठून आणावी?

आपण जास्त दाबतो की नाही, हे ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. वाजवून झाल्यावर कडेचा वळ दहा-पंधरा मिनिटांत जात नसेल, ओठ बधिर होत असेल, ओठाच्या आतल्या बाजूस दातांचे ठसे किंवा जखमा दिसत असतील, तर दाब जास्त आहे असे समजावे.

उपाय हातांपासून सुरू करावा. ट्रम्पेटचे वजन साधारण एक किलो. ते डाव्या हाताने पेलायचे. उजव्या हाताची बोटे फक्त पिस्टनसाठी आहेत. उजव्या करंगळीसाठी जो आकडा असतो, त्यात करंगळी अडकवून बाजा तोंडाकडे ओढण्याची सवय बहुतेकांना असते. रियाज करताना करंगळी आकड्याच्या वर मोकळी ठेवावी. केवळ एवढ्या बदलाने दाबाचा मोठा भाग कमी होतो. सुरुवातीला वरचे दोन-तीन सूर लागणार नाहीत. घाबरू नये. ते सूर ओठांचे नव्हतेच, हातांच्या जोरावर निघत होते. काही आठवड्यांच्या रियाजाने ते स्वतःच्या बळावर परत येऊ लागतात.

दम हेच इंधन

दाब कमी केला तर त्याची जागा कोण घेणार? हवा. कमी हवेत सूर काढायचा तर ओठ पिळावा लागतो. भरपूर हवा मोकळी सोडली तर ओठ आपोआप थरथरतो.

श्वास घेताना खांदे वर जात असतील, तर हवा छातीच्या वरच्या भागातच राहते. घागर तळापासून भरते, तसा श्वास भरावा. आधी पोट आणि कंबरेच्या बाजू फुगाव्या, मग छाती. घसा जांभई देताना होतो तसा मोकळा ठेवावा. श्वास तोंडाच्या कोपऱ्यांतून घ्यावा, म्हणजे माउथपीसची जागा हलत नाही. घेतलेली हवा कोंडून ठेवू नये. श्वास भरला की लगेच सोडायला लागावे. कोंडलेल्या हवेने घसा आवळतो आणि सुराची सुरुवात फुटते.

मिरवणुकीत चालत वाजवावे लागते, ही आपल्या कामातली वेगळी अडचण आहे. तिचा उपयोगही करता येतो. दोन पावलांत श्वास घ्यावा आणि आठ पावले सोडावा, असा सराव बाजा न घेता रोज पाच मिनिटे चालताना करावा. महिन्याभरात गाण्याच्या ओळी दमात बसू लागतात. कोणत्या शब्दानंतर श्वास घ्यायचा, हे आधीच ठरवून ठेवावे. जिथे दम संपेल तिथे तोडू, असे वाजवणारा गाण्याचा अर्थही तोडतो.

शिकागोच्याच वाद्यवृंदात १९४४ ते १९८८ या काळात अर्नोल्ड जेकब्स हे ट्यूबा वाजवीत. पितळी वाद्यांचे ते मोठे उस्ताद मानले जातात. त्यांच्या फुप्फुसांची क्षमता चारचौघांहून कमी होती, आणि त्यांचे वाद्य साऱ्या पितळी वाद्यांत सर्वात जास्त हवा मागणारे होते. आधी मनात सूर गा आणि मग हवा सोड, हा त्यांच्या शिकवणीचा गाभा होता. ओठांचा विचार करीत बसलेला वादक ओठ आवळतो. सुराचा विचार करणाऱ्याचे ओठ पुष्कळसे स्वतःच जुळवून घेतात.

म्हणून चांगला सूर कानात भरून घेणे हाही रियाजच आहे. त्यासाठी परदेशात जायला नको. गोव्यात चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवले जाई. तिथून तयार झालेले अनेक वादक मुंबईच्या चित्रपटसंगीतात आले. आल्दोन्याचे चिक चॉकलेट हे त्यांतले प्रसिद्ध ट्रम्पेटवादक. सी. रामचंद्र यांच्यासोबत त्यांनी काम केले. 'अलबेला' हा १९५१ चा चित्रपट त्याच काळातला. वरातीत आपण जी जुनी गाणी वाजवतो, त्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणातील ट्रम्पेट लक्ष देऊन ऐकावा. सूर कुठे सुरू होतो, किती गोल आहे, कुठे सोडला आहे, हे टिपावे आणि मग बाजा उचलावा.

जिभेचे काम

सुराची सुरुवात जिभेने होते. वरच्या दातांच्या मुळाशी जीभ टेकवून 'तू' म्हणावे, म्हणजे सूर स्वच्छ सुटतो. 'दू' म्हटले तर मऊ सुटतो. गाण्याच्या मुखड्याला 'तू' आणि सलग ओळीला 'दू' वापरावा. खालच्या सुरांना तोंडात 'आ'चा आकार ठेवावा, वर जाताना तो हळूहळू 'ई'कडे न्यावा. जीभ वर आल्याने हवेचा मार्ग अरुंद होतो आणि वरचा सूर काढायला मदत होते. शिट्टी वाजवताना आपण नकळत हेच करतो.

रोजचा रियाज

दिवसाकाठी ४० ते ५० मिनिटे पुरेत, पण ती सलग नसावीत. दोन किंवा तीन बैठका कराव्या. जितका वेळ वाजवले, तितका वेळ ओठांना विसावा द्यावा.

१) पहिली पाच मिनिटे : घोडा फुरफुरतो तसे ओठ सैल फडफडवावे. मग नुसत्या माउथपीसवर सोपी धून वाजवावी. माउथपीस दोन बोटांनी हलका धरावा, म्हणजे दाब देताच येत नाही.

२) पुढची दहा मिनिटे लांब सूर : मधल्या प पासून सुरू करून एक-एक स्वर खाली जावे. प्रत्येक सूर हळू आवाजात आठ ते बारा मात्रा धरावा. सूर डळमळू नये, आवाज कमीजास्त होऊ नये. हळू वाजवणे हे जोरात वाजवण्यापेक्षा कठीण आहे, आणि ओठ त्यानेच तयार होतो.

३) पुढची दहा मिनिटे ओठांची वळणे : पिस्टन न दाबता आणि जीभ न लावता सा-प-सा, मग सा-प-वरचा सा-प-सा असे घसरत जावे. नंतर हेच दुसरा पिस्टन दाबून, मग पहिला दाबून करावे. वर जाताना हवा वाढवावी, हात मात्र ओढू नयेत.

४) उरलेला वेळ गाण्यांना : नवे गाणे आधी खालच्या पट्टीत व धीमे बसवावे.

५) शेवटची दोन मिनिटे : खालचे सूर अगदी मऊ वाजवून थांबावे आणि ओठ पुन्हा फडफडवावे. याने ओठांना मोकळीक मिळते.

ओठ थकला की थांबावे. थकलेल्या ओठावर केलेला रियाज दाबाचीच सवय लावतो.

हंगामाचा हिशेब

आपला धंदा बारमाही नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि उन्हाळ्यात त्यांचा जोर असतो. आषाढात चातुर्मास लागला की हिंदू लग्ने थांबतात. मध्ये गणेशोत्सवाच्या मिरवणुका येतात. रमजानमध्ये आपल्याकडची लग्ने बहुधा होत नाहीत आणि रोजाच्या दिवसात कोरड्या तोंडाने रियाजही जमत नाही. २०२० च्या टाळेबंदीत तर वराती एकदम बंद पडल्या आणि कित्येकांचे बाजे महिनोन्‌महिने पेटीत राहिले.

ओठाचे स्नायू पैलवानाच्या स्नायूंसारखेच असतात. दोन-तीन आठवडे काम नसले की ढिले पडतात. महिनाभर बाजा न उचलता एकदम चार तासांच्या वरातीत उभे राहणे म्हणजे आखाडा सोडलेल्या माणसाने थेट दंगलीत उतरणे होय. यासाठी मोकळ्या महिन्यांत रोज निदान २० मिनिटे लांब सूर व वळणे चालू ठेवावी. रमजानमध्ये इफ्तारनंतर पाणी पिऊन, थोड्या विसाव्याने १५ मिनिटे बसले तरी पुरते. हंगामाच्या तीन आठवडे आधीपासून वेळ थोडा-थोडा वाढवावा.

प्रत्यक्ष वरातीतही बचत करता येते. बँडमध्ये दोन ट्रम्पेट असतील, तर दोघांनी सारा वेळ एकत्र वाजवू नये. मुखडा एकाने घ्यावा, दुसऱ्या फेरीला दुसऱ्याने. अंतरा क्लॅरिनेट किंवा युफोनियमला द्यावा. उंच सुरांची दोन गाणी पाठोपाठ लावू नयेत. गाडीवर ध्वनिवर्धक असेल, तर ट्रम्पेटवाल्याला ध्वनिक्षेपक द्यावा आणि त्याने नेहमीच्या ताकदीने वाजवावे. डीजेच्या भिंतीशी ओठांनी स्पर्धा करणारा माणूस हरणारच.

बाजा व माउथपीस घेताना

उत्तर प्रदेशातील मेरठच्या जली कोठी भागात बँडच्या वाद्यांचा मोठा बाजार आहे. ब्रिटिश फौजेच्या बँडमधील नादिर अली यांनी आपले नातेवाईक इमाम बख्श यांच्यासह १८८५ मध्ये काढलेली पेढी तिथलीच. देशभर वराती गाजवणारे पितळी बाजे तिथून जातात. खरेदी करताना चकाकीवर न जाता पुढील गोष्टी पाहाव्या.

माउथपीसची कड बोटाने फिरवून पाहावी. ती गोल व गुळगुळीत असावी, धारदार नसावी. ट्रम्पेटच्या माउथपीसचा आतला व्यास साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो. वाटी उथळ असेल तर वरचे सूर सोपे पडतात, पण आवाज पातळ निघतो. वाटी खोल असेल तर आवाज भरदार, पण ओठांना मेहनत जास्त. नव्या शागिर्दाला मध्यम वाटी द्यावी. वाटीच्या तळाचे छिद्र साडेतीन ते पावणेचार मिलिमीटरच्या आसपास असते. उजेडाकडे धरून ते सरळ व स्वच्छ आहे ना, हे पाहावे. लेथवर माउथपीस कातणाऱ्या कारागिरांनी या कडेवर आणि छिद्रावर जास्त लक्ष दिले, तर त्यांच्या मालाला पुन्हा गिऱ्हाईक येईल.

मुलामा उडून उघडे पितळ ओठाला लागत असेल, तर पुन्हा चांदीचा मुलामा करून घ्यावा. काहींच्या कातडीला निकेल सोसत नाही, ओठाभोवती खाज व पुरळ येते. त्यांनीही चांदीचा मुलामा वापरावा.

बाजा हवा गाळतो का, हे दुकानातच तपासता येते. पहिला पिस्टन न दाबता त्याची सरकती नळी इंचभर बाहेर ओढावी, चार-पाच सेकंद थांबावे आणि मग पिस्टन दाबावा. 'टप्' असा आवाज आला तर बाजा घट्ट आहे. आवाज आला नाही तर हवा गळते. पाणी सोडण्याच्या चावीचे बूच खराब झाले, तरीही हवा गळते. गळक्या बाज्यात वाजवणारा दुप्पट फुंकतो, शेवटी दाबायला लागतो, आणि दोष मात्र ओठाला देतो.

तोंडाची निगा

एकमेकांचा माउथपीस वापरू नये. ओठावरचे पाणीदार फोड त्यातून पसरतात. माउथपीस रोज कोमट साबणाच्या पाण्याने आणि लहान ब्रशने धुवावा. वरातीत पाणी घोट-घोट पीत राहावे. कोरडा ओठ भेगाळतो. ओठ सुजला तर थंड पाण्याची पट्टी ठेवावी आणि शक्य असल्यास एक दिवस सुटी घ्यावी.

पुढचा दात हलत असेल किंवा पडला असेल तर दाताच्या डॉक्टरांना आपण ट्रम्पेट वाजवतो हे आवर्जून सांगावे. नवा दात जुन्याच्याच मापाचा बसला तर बैठक बिघडत नाही.

सुपारी आणि गुटख्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सवय सुटलेली नाही. सुपारीने तोंडाच्या आतली कातडी आखडते, तोंड पुरते उघडत नाही, आणि पुढे कर्करोगाचा धोका राहतो. आखडलेल्या गालांनी आणि ओठांनी ट्रम्पेट वाजत नाही. धंद्याची सुपारी जरूर घ्यावी, तोंडात टाकायची सुपारी सोडावी.

ओठाचा एक भाग सतत दुर्बळ वाटत असेल, हवा एका बाजूने निसटत असेल किंवा दोन आठवड्यांच्या विश्रांतीनेही सूर परत येत नसेल, तर हंगाम रेटून नेण्याऐवजी डॉक्टरांना दाखवावे.

मालकांसाठी चार शब्द

चांगला ट्रम्पेटवाला तयार व्हायला काही वर्षे लागतात. तो एका हंगामात जाळून टाकणे हा बँडच्या मालकालाही तोटाच आहे. दिवसाला तीन वराती घ्यायच्या असतील, तर दुसरा ट्रम्पेटवाला ठेवावा. त्याच्या मजुरीचा खर्च दिसतो, पण फाटलेल्या सुरामुळे पुढच्या वर्षी न आलेली गिऱ्हाइके दिसत नाहीत. नव्या पोराला पहिल्याच महिन्यात उंच सुरांची गाणी देऊ नयेत. आधी लांब सूर, मग वळणे, मग गाणे, हा क्रम मास्तरांनी सोडू नये.

दुकानदार नफ्यावर घर चालवतो, मुद्दलाला हात लावत नाही. ट्रम्पेटवाल्याचा नफा म्हणजे हवा. ती प्रत्येक श्वासाला नव्याने मिळते आणि फुकट मिळते. ओठ हे मुद्दल आहे. हवा खर्चावी, ओठ राखावा. मग आजची रोजीही निघेल आणि पन्नाशीतही वरातीच्या पुढच्या रांगेतली जागा आपलीच राहील.